ट्रॉलीमागच्या सायकली

गाडी विकल्यावर कोल्हारच्या चौकातून सायकलवर जायला लागलो तेव्हा लोक माझ्याकडे दयेनं बघायचे. डेअरीवाल्यानं पहिल्याच दिवशी दुधाचं माप हातात तसंच धरून विचारलं, "भाऊसाहेब, गाडी इकली म्हनं?"

"हो, विकली."

"काय अडचन-बिडचन?"

"अडचण काही नाही. आता घरातल्या सगळ्यांनी सायकलच वापरायची ठरवलंय."

त्यानं माझी सायकल वरपासून खालपर्यंत बघितली. "डाक्टरनं सांगितलं आसंल," असं म्हणून त्यानं स्वतःचं समाधान करून घेतलं आणि दूध ओतलं. मी हो म्हणालो. खरं कारण सांगितलं असतं तर त्याला हसू आलं असतं.

सासूबाईंचा फोन आला तो थेट मला. एरवी त्या लेकीला करतात. "जावईबापू, काय लागलं-सवरलं तर आमी हायेत. मनात ठिवू नका." मी कितीही समजावलं तरी त्यांच्या आवाजातली काळजी गेली नाही. बायको शेजारी उभी राहून ऐकत होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आता दिवाळीला माहेराहून दुप्पट फराळ येतो बघा."

खरं कारण असं होतं. मी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. हंगाम सुरू झाला की आमच्या चिमणीतून काजळी पडते. काळी, हलकी, भुसभुशीत. आसपासच्या वस्त्यांवर वाळत घातलेल्या धुण्यावर, अंगणातल्या पापडांवर, पाण्याच्या हौदात ती जाऊन बसते. बायका धुणं झटकताना कारखान्याला शिव्या देतात. त्या शिव्या माझ्या कानावर पडल्या की मी खाली बघतो. पगार तिथलाच आहे, तो सोडता येत नाही. पण मी कोथिंबीर आणायलाही गाडी काढत होतो, मुलीला शाळेत सोडायला गाडी, देवीच्या देवळात गाडी, दळण आणायला गाडी. एका संध्याकाळी दळणाचा डबा मागच्या सीटवर ठेवताना मला एकदम स्वतःची किळस आली. चिमणीचा धूर माझ्या हातात नव्हता. हा होता.

बायकोला सांगितलं तेव्हा वाटलं होतं ती उडवून लावेल. तिला सायकल येत नव्हती. चाळिशी ओलांडलेली, घरी पिको-फॉलचं काम करणारी बाई, दिवसभर मशीनवर बसलेली. ती म्हणाली, "शिकवणार कोण? तुम्ही? तुम्ही ओरडता." शेवटी शिकवलं ते आमच्या मुलीनं. मुलगी नववीत आहे, एकुलती एक. शाळेच्या मैदानावर पहाटे दोघी जायच्या. मी कंपाउंडबाहेर उभा राहायचो, कारण आत यायची मला बंदी होती. आतून मुलीचा आवाज यायचा, "मम्मी, खाली बघू नको! समोर बघ! अगं, समोर झाड आहे, झाडाकडे नको बघू!" आणि मग दोघींचं हसणं.

बायकोची एकच अट होती. "मी काय, कशीही जाईन. पण पोरगी हायवेला जाता कामा नये. नगर-मनमाड रस्त्यावर ते ट्रक कसे येतात, बघता ना." ते मलाही पटलं होतं. म्हणून आम्ही आतला रस्ता धरला. आमचं घर गावाच्या कडेला आहे. तिथून शेतांमधून एक डांबरी रस्ता जातो, पुढं कालव्याच्या पुलावर चढतो, पलीकडे उतरला की मुलीची शाळा आणि त्याच्याही पुढं आमचा कारखाना. जीप नाही, ट्रक नाही. एखादी मोटारसायकल, दुधाचे कॅन घेऊन जाणारा कुणी. बायको त्याच रस्त्यानं शाळेजवळच्या कॉलनीत फॉल लावलेल्या साड्या पोचवायला जाऊ लागली. पंजाबी ड्रेस घालून, कॅरिअरला साड्यांची पिशवी बांधून ती निघाली की मला बघत राहावंसं वाटायचं. पाठ ताठ, मान ताठ, वळणावर कुणी नसलं तरी घंटी.

पहिले दोन महिने आम्ही फार सुखात होतो. हे लिहायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रविवारी तिघं तीन सायकलींवर बाजाराला जायचो. येताना वांगी, मेथी, मुळा हँडलला लटकवलेले असायचे. मुलगी पुढं जाऊन थांबायची आणि आम्ही पोचलो की म्हणायची, "आले का सिनियर सिटिझन!" गाडीत असताना ती मागं मोबाईल घेऊन बसायची. आता बोलायला लागली होती.

मग दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला.

हंगामात उसाच्या ट्रॉल्या हायवे टाळतात, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी कारखान्यात काम करतो. आतल्या सगळ्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर येतात, एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी फुटभर बाहेर आलेला. पण रस्ता ठरवताना पाऊसकाळ होता आणि तो रस्ता हिरवा आणि रिकामा होता. त्यापलीकडचा विचार मी केला नाही.

तो शनिवार होता, सकाळची शाळा. माझी दुपारची पाळी होती, म्हणून मी तिच्याबरोबर निघालो होतो. थंडी होती आणि वारा समोरून होता. कालव्याच्या चढाला लागलो तशी ती उतरायच्या बेतात आली. "पप्पा, आज नाही होत मला. पाय भरून आलेत." तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. गाण्याचा आवाज आधी, मग ट्रॅक्टर. चढाला लागल्यावर तो इतका हळू झाला की माणूस शेजारून चालत जाईल. पहिली ट्रॉली आमच्या पुढं सरकली, दुसरी सरकली, आणि ऊस आवळायला बांधलेल्या साखळीचं टोक मागं लोंबत होतं.

मी ती साखळी धरली.

या भागात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. आम्ही सगळ्यांनी हे केलेलं आहे. शाळेत जाताना ट्रॉली दिसली की तिच्या मागं सायकल लावायची, एका हातानं साखळी धरायची आणि फुकटात चढ चढायचा. वर एखादा ऊस ओढून घ्यायचा. त्याला आमच्याकडे कुणी चोरी म्हणत नाही आणि धोकाही म्हणत नाही. माझा हात आपोआप गेला. इतक्या वर्षांनी गेला आणि बरोबर जागेवर गेला. पायडल थांबले आणि सायकल वर जाऊ लागली. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, पण मला हसू फुटलं.

मागून ती ओरडली, "पप्पा! काय करताय!" आणि लगेच, "मला पण! मला पण!"

मी सोडलं, खाली आलो, आणि पुढच्या ट्रॉलीची वाट बघत तिला शिकवलं. नीट शिकवलं, तेच आता जास्त लागतं. आधी वेग जुळवायचा, मग हात घालायचा. मनगटाला साखळी गुंडाळायची नाही कधी, नुसती मुठीत धरायची. कोपऱ्याला राहायचं, दोन ट्रॉल्यांच्या मध्ये चुकूनसुद्धा जायचं नाही. चढ संपायच्या आधी सोडायचं, कारण वर गेल्यावर ड्रायव्हर गिअर बदलतो आणि झटका बसतो. हे सगळं मी तिला असं सांगत होतो जसं आपल्याकडचं काही मोलाचं देतोय. तिनं पहिल्याच वेळी जमवलं. वर पुलावर पोचल्यावर तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मी वडील म्हणून तिला बऱ्याच गोष्टी दिल्या होत्या, पण तिनं माझ्याकडे असं मित्रासारखं कधी बघितलं नव्हतं.

आम्ही एक ऊस ओढून घेतला होता. कालव्याच्या कट्ट्यावर बसून दातानं सोलून खाल्ला. शाळेला उशीर झाला. "मम्मीला सांगायचं का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "कशाला उगाच." मुलीला बापानं पढवलेली ही पहिली लपवाछपवी.

मला वाटलं, झालं, एक गंमत होती, संपली.

संक्रांतीच्या सुमाराला मी एकदा सुट्टी घेतली होती. बँकेत काम होतं. शाळा भरायच्या वेळेला निघालो आणि चढाच्या पायथ्याशी आलो तेव्हा वर अर्ध्यावर ट्रॉली दिसली. दुसऱ्या ट्रॉलीच्या डाव्या कोपऱ्याला तिची सायकल. निळा ड्रेस, पाठीवर दप्तर, एक हात साखळीला. मी ओरडणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. पण ती दचकून मागं वळली तर? चाक साखळीकडे गेलं तर? मी तोंड मिटलं. पायडल मारायला लागलो. चढ होता, मी एकटा होतो, मला ओढायला काही नव्हतं. जितकं जोर लावत होतो तितकी ती लांब जात होती. कितीतरी वेळा मी तो चढ चढलो आहे, तो एवढा लांब कधीच नव्हता. उसाची वाढं, शेंड्याची हिरवी पानं, तिच्या डोक्यावर हलत होती. त्या उसाच्या ओझ्यात एखादी मोळी सैल असली तर, टायर फुटला तर, ड्रायव्हरनं ब्रेक मारला तर, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. शिकवताना यातलं काही आलं नव्हतं.

चढ संपायच्या जरा आधी तिनं साखळी सोडली. अगदी मी सांगितलं होतं तिथं.

मी धापा टाकत वर पोचलो तर ती पुलावर थांबली होती. "पप्पा! तुम्ही? ट्रॉली सुटली का तुमची?" ती आनंदानं विचारत होती.

"तू हे रोज करतेस?"

"रोज नाही. ट्रॉली आली तर."

"बाळा, हे नको करत जाऊ."

तिला खरंच कळेना. "का? तुम्हीच शिकवलंत की."

"तेव्हा मी होतो बरोबर."

"तुम्ही असल्यावर ट्रॉली वेगळी असते का?" ती उद्धटपणे बोलत नव्हती. विचारत होती. मग मला धीर द्यायला म्हणाली, "पप्पा, मी कोपऱ्यालाच राहते. मनगटाला गुंडाळत नाही. त्या दोघींना पण मी तेच सांगितलंय."

"कोणत्या दोघींना?"

तिच्या वर्गातल्या दोन मुली वस्तीवरून सायकलनं यायच्या. तिनं त्यांना शिकवलं होतं. माझेच शब्द वापरून शिकवलं असणार. त्या मुलींच्या आईबापांना मी ओळखतो. एकीच्या वडिलांना मीच सांगितलं होतं की मुलीला सायकल घेऊन द्या, आतला रस्ता चांगला आहे.

त्यानंतर जे जे सुचलं ते केलं. पाळी बदलून मागितली. हंगामात पाळी बदलून मिळत नाही, आठवड्याआठवड्यानं फिरते, तशीच फिरत राहिली. दुपारच्या आणि रात्रपाळीच्या आठवड्यात मी सकाळी तिच्या मागं सायकल घेऊन जाऊ लागलो. त्या दोघी मैत्रिणी तिला चिडवायच्या. एकदा ऐकलं, "आले बघ तुझे बॉडीगार्ड. गनमॅन कधी येणार?" ती माझ्यापुढं पन्नास पावलं जायची आणि मागं बघायची नाही. मी असलो की ट्रॉली आली तरी तिघी धरत नसत. मान खाली घालून पायडल मारत. ट्रॉली जायची आणि चुकलेल्या एसटीकडे बघावं तशा त्या तिघी ट्रॉलीकडे बघायच्या. मी नसताना काय होत असेल ते मला त्या बघण्यातच कळायचं.

सकाळच्या पाळीच्या आठवड्यात मी लॅबमध्ये असायचो. उसाचा रस तपासायचा, आकडे लिहायचे. खिडकीतून ऊसयार्ड दिसतं. ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. पूर्वी मी त्या रांगेकडे कधी बघत नव्हतो. आता शाळा भरायची वेळ झाली की मी बाहेर जायचो आणि आलेल्या ट्रॉल्यांच्या मागं फिरायचो. कोणत्या ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यातून ऊस ओढलेला आहे ते बघायचो. ओढलेल्या जागी एक भोक राहतं. ते दिसलं की वाटायचं, ही. ह्या ट्रॉलीबरोबर ती आली असेल. आणि मग विचित्र गोष्ट अशी की मला बरं वाटायचं. भोक आहे म्हणजे ट्रॉली पोचली, ट्रॉली पोचली म्हणजे ती शाळेत पोचली. सहकाऱ्यानं एकदा विचारलं, "सर, काय शोधता?" मी म्हणालो, वाढं जास्त येतंय का ते बघतोय.

एका ड्रायव्हरला मी विनंतीसुद्धा केली. पाथर्डीकडचा पोरगेला ड्रायव्हर, रांगेत ट्रॅक्टरला टेकून तंबाखू मळत होता. म्हटलं, "कालव्याच्या चढावर शाळेच्या मुली मागं लटकतात. जरा बघत जा. लटकलेल्या दिसल्या तर थांबवत जा."

तो हसला. "साहेब, दोन ट्रॉल्या हायेत मागं. त्याच्यामागं कोन लटकलंय ते मला कसं दिसायचं? आन चढावर थांबवलं तर समदा लोड मागं यीन की."

"मग गाणी तरी बंद ठेवत जा. कुणी ओरडलं तर ऐकू येईल."

"गानं बंद केलं तर मला झोप यीन, साहेब. रातच्यापासून रांगेत हाय." मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "तुमची हाय का पोरगी?"

मी नाही म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

राहिली होती बायको. सगळ्यात सोपा मार्ग तोच होता. तिला सांगितलं की संपलं. तिनं सायकल बंद केली असती, मुलगी रिक्षानं गेली असती, आठ पोरं कोंबलेल्या रिक्षात, पण गेली असती. मी रोज ठरवायचो. आणि रोज ती काहीतरी सांगायची. कॉलनीतल्या बाया तिला विचारतात, वहिनी, आम्हालापण शिकवा ना. तिच्या गुडघ्याचं दुखणं कमी झालंय. आणि मुलीबद्दल तर फारच. "आधी घरातून बाहेर निघायला रडायची, आता बघा. एकटी जाते, एकटी येते. माझं तर लग्नाआधी दुकानात जायचं म्हटलं तरी भाऊ बरोबर असायचा." एवढं ऐकल्यावर मी तोंड उघडायचो आणि भाजीत मीठ बरोबर आहे असं काहीतरी म्हणायचो.

खरं सांगायचं तर मुलीची सायकल जाईल एवढीच भीती नव्हती. शिकवलं कुणी, हे निघालं असतं.

शिमगा जवळ आला होता. हंगाम संपत आला होता, आणि मी मनाशी म्हणत होतो की आणखी थोडे दिवस, मग पट्टा पडेल, गाळप बंद होईल, ट्रॉल्या थांबतील, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. सकाळची पाळी करून घरी आलो होतो. तिघं जेवायला बसलो. बायकोच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. मुलगी तिच्याकडे बघून ओठ दाबत होती.

"सांग ना," मुलगी म्हणाली.

"तू सांग."

"तुझं तू सांग."

बायकोनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "अहो, आज मी कालव्याचा चढ न उतरता चढले."

"वा," मी म्हणालो. आजवर ती तिथं उतरून सायकल ढकलत न्यायची.

"कशी ते विचारा की."

मुलीला राहवलं नाही. "मम्मीनं ट्रॉली धरली!"

दोघी हसायला लागल्या. बायको तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, साड्यांची पिशवी मागं, ओढणी गळ्याशी गाठ मारलेली, आणि मी अशी," तिनं हात वर करून दाखवला, "राणी लक्ष्मीबाईसारखी! वर पोचले तर तिथं ते डेअरीवाले उभे. म्हणतात, वैनी, तुमी सुदीक! मी म्हटलं, मग काय!"

मी ताटाकडे बघत होतो. ओढणी. ओढणीचं मी मुलीला सांगितलं नव्हतं, कारण तिच्या शाळेच्या ड्रेसला ओढणी नाही. गाठ तिनं स्वतःच्या बुद्धीनं मारली होती. तिला चढावर एका हातानं हँडल धरायलाही अजून जमत नाही, घंटी वाजवताना सायकल डुगडुगते.

"हे बंद करा," मी म्हणालो. आवाज फाटला. "दोघींनी. आजपासून."

"का हो? एवढं काय?"

"काय म्हणजे? मरशील. एक झटका बसला तर चाकाखाली जाशील. मला माहीत आहे. गेल्या वर्षी यार्डात," आणि मी थांबलो, कारण यार्डात काय झालं होतं ते मुलीसमोर सांगता येणार नव्हतं.

बायकोचं हसू ओसरलं. पण तिला अजून राग आलेला नव्हता, ती गोंधळली होती. "पण तुम्हीच शिकवलंय ना हिला? ही काल म्हणाली, पप्पांनी शिकवलं, कुठं धरायचं, कधी सोडायचं, सगळं. म्हणून तर मी धरली. मला वाटलं तुम्ही कारखान्यातले, तुम्हाला कळतं. तुम्ही पोरीला शिकवलंय म्हणजे त्यात धोका नसणार."

मी पाण्याचा तांब्या पुढं ओढला.

"आणि हिला तुम्ही कधी सांगितलं, बंद कर म्हणून?"

"संक्रांतीला."

"म्हणजे संक्रांतीपासून तुम्हाला माहीत आहे."

"हो."

"ही रोज धरते हे माहीत आहे. धोका आहे हे माहीत आहे. आणि मला सांगितलं नाही." ती हळू बोलत होती. "मी रोज तुमच्यासमोर बसून पोरीचं कौतुक करत होते, आणि तुम्ही ऐकत होतात."

मुलगी ताट तसंच ठेवून आत गेली. जाताना म्हणाली, "त्या पहिल्या दिवसानंतर मी एकदाही शाळेत उशिरा गेले नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तुम्ही घाबरलात म्हणून मम्मीला पण घाबरवलंत." तिच्या हिशेबात मी उगाच घाबरवलं होतं. बायकोच्या हिशेबात लपवलं होतं. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या.

दुसऱ्या दिवसापासून बायकोनं चढावर पुन्हा उतरून सायकल ढकलायला सुरुवात केली. सायकल सोडली नाही. मी तिला एकदा घाबरत म्हणालो, मुलीची रिक्षा लावूया का. ती म्हणाली, "आणि सायकलचं काय सांगायचं तिला? पप्पांनी दिली आणि पप्पांनी काढून घेतली? ते मी करणार नाही. तुम्हाला करायचं तर करा." मला करता आलं नाही. त्या दोन मुलींच्या घरी मात्र जाऊन आलो. एकीच्या वडिलांनी मला चहा दिला आणि हसून म्हणाले, "सर, आमी बी लटकलोय की लहानपनी. पोरं हायेत, करनारच." दुसरीकडे आजी होती, तिनं विचारलं की कारखाना यंदा कधी बंद होणार.

मुलगी माझ्याशी बोलते, पण विचारल्याएवढंच. "डबा घेतला." "पेपर चांगला गेला." एका संध्याकाळी ती अंगणात सायकलचं चाक दाबून बघत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. पाळीचा आठवडा सकाळचा होता, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला मी लॅबमध्ये असणार होतो. न राहवून विचारलं, "आज धरलीस का?"

ती चाकाकडेच बघत होती. "धरली म्हटलं तर काय कराल?"

मी सीटवर पडलेली काजळी बोटानं पुसली.

"आणि नाही म्हटलं तर विश्वास ठेवाल?"

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. माझ्याकडून ऐकायला काही उरलेलं नाही, हे तिला कळल्यासारखं वाटलं. ती आत जाऊन पंप घेऊन आली. आमच्या पंपाची नळी वॉल्व्हवर बसत नाही, हवा बाजूनं निघून जाते, कुणीतरी धरून ठेवावी लागते. ती दोनदा प्रयत्न करून थांबली.

"पप्पा, जरा धरा ना."

मी खाली बसलो. नळी वॉल्व्हवर दाबून धरली आणि ती हवा भरू लागली. मी घट्ट धरून होतो. चाक टणक होईपर्यंत.